शी-हल्क (२०२२): पाटी वकिलाची, आत कोर्टच नाही! पुढचे अंक घ्यावेत का?

काळाकोट_कराड:

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकते, मी कॉमिक्सवाली नाही. तालुक्याच्या कोर्टात सिनियरकडे ज्युनियर आहे, प्रॅक्टिसचं चौथं वर्ष, म्हणजे तारखा घेणं, झेरॉक्स काढणं आणि साहेबांची बॅग सांभाळणं हीच अजून मुख्य वकिली. बोर्डावर आपलं मॅटर साठाच्या पुढे असलं की पुकारा व्हायला चार वाजतात, कधी होतच नाही, तोवर बाररूममध्ये पंख्याखालची खुर्ची पकडून टॅबवर काहीतरी वाचत बसायचं.

तर माझी मावसबहीण सिंगापूरला असते, ती येताना "तुझ्यासारखीच वकील आहे, फक्त हिरवी" असं म्हणून रेनबो रोवेलने लिहिलेल्या शी-हल्कची पहिली दोन पुस्तकं घेऊन आली. पाच-पाच अंकांची तीन पुस्तकं आहेत, तिसरं मी ॲपवर वाचलं. एकूण १५ अंक. सुरुवात इतकी झकास आहे की मी खूश! भर रस्त्यात टायटॅनिया नावाची जुनी वैरीण मारामारीला येते, जेनिफर (म्हणजे शी-हल्कच) तिला म्हणते बाई मला आज कामाला जायचंय, आपण नंतर ठरवून भेटू आणि मारामारी करू. मग ती मॅलरी बुक नावाच्या जुन्या प्रतिस्पर्धी वकिलिणीकडे नोकरी मागायला जाते. मॅलरी अट घालते, इथे सुपरहीरोगिरी आणायची नाही, तसले आशील नकोत. मी म्हटलं आता येणार मजा, अशी अट म्हणजे ती मोडण्यासाठीच असते.

आणि मग... काहीच नाही हो. पहिल्या अंकाच्या शेवटी दारात एक माणूस येऊन कोसळतो, जॅक ऑफ हार्ट्स, आणि त्यानंतर पुस्तक त्याचंच होतं. तो काय खातो, तो कुठे झोपतो, ती त्याच्याकडे बघते, तो तिच्याकडे बघतो. ऑफिस आहे, टेबल आहे, फायली आहेत, आशील येतात आणि दोन चौकटींत जातात. मला तरी तिन्ही पुस्तकांत एकही धड उलटतपास सापडला नाही. एक साधी मनाई अर्जाची सुनावणी दाखवा की राव!

प्रश्न दोन. एक, याच्या पुढे रोवेलनेच लिहिलेले अजून १० अंक आहेत म्हणे, नाव बदलून, त्यात कोर्ट आहे का की पैसे वाचवू? दोन, ही बाई खरंच कधी वकिली करते का कुठे?

गणेश_ठाणे:

ताई, कॉमिक आहे ते, एआयआर (कोर्टाच्या निकालांचे जाडे खंड) नाही 😄

काळाकोट_कराड:

गणेश, एआयआरमध्येसुद्धा याच्यापेक्षा जास्त मारामारी असते.

लाँगबॉक्स_डोंबिवली:

ताई तुमचा वैताग अगदी रास्त आहे आणि तुम्ही चुकीच्या टोकाकडून सुरुवात केलीय. थोडं मागे जाऊन सांगतो, लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे ही बाई जन्माला आली तीच कायद्याच्या धास्तीने. १९७७ पासून अमेरिकेत हल्कची टीव्ही मालिका जोरात चालली होती, आणि हल्कची कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हलला भीती अशी की मालिकावाले उद्या परस्पर बाई-हल्क काढतील आणि तिचे हक्क त्यांच्याकडे जातील. त्याआधी एका मालिकेतल्या यांत्रिक पुरुषावरून यांत्रिक बाई काढून झालीच होती, म्हणजे भीती हवेतली नव्हती. म्हणून स्टॅन ली आणि जॉन ब्युसेमा यांनी घाईघाईने पहिला अंक काढला, कव्हरवर फेब्रुवारी १९८०. गोष्ट काय तर लॉस एंजेलिसची फौजदारी वकील जेनिफर वॉल्टर्स, तिला गुंड गोळी घालतात, चुलतभाऊ नाही मामेभाऊ (इंग्रजीत सगळेच कझिन, वैताग) ब्रूस बॅनर, म्हणजे मूळ हल्क, तिला स्वतःचं रक्त देतो, झाली हिरवी. आता बघा, हक्क राखायला केलेलं पात्र, आणि त्याला धंदा दिला वकिलीचा. ली साहेबांनी एकच अंक लिहिला आणि ते बाजूला झाले. पुढचे २४ दुसऱ्याने ओढले, १९८२ मध्ये गाशा गुंडाळला. त्या २५ अंकांत ती बहुतेक वेळ कपडे फाडून धावतेय आणि बाप शेरीफ असून तिच्याच मागे लागलाय. मी ते अंक फोर्टच्या फुटपाथवर रद्दीतून गोळा केले होते, दोन अंकांची शेवटची पानं नाहीत. त्याने फार बिघडत नाही.

मग १९८९ ला जॉन बर्न. तो विनोदी. ती थेट वाचकाशी बोलते, लेखकाला दम देते, पान फाडून पुढच्या पानावर जाते. ६० अंक चालली, सगळे त्याचे नाहीत, मध्ये तो सोडून गेला होता आणि परत आला. वाचाच, पण कोर्टासाठी नाही.

तुम्हाला जे हवंय ते २००४ ला डॅन स्लॉटने केलं. त्याचा पहिला अंक वाचून तुम्ही बाररूममध्ये मोठ्याने हसाल. जेनिफर खटला जिंकते आणि विरुद्ध बाजूचा वकील उभा राहून म्हणतो की बाईंनी मध्यंतरी जग वाचवलंय, म्हणजे ज्युरीतल्या प्रत्येकाचा जीव वाचवलाय, सगळे तिचे उपकृत, ही ज्युरी निःपक्ष कशी? झाला खटला बाद! आणि तिची नोकरी गेली. युक्तिवाद चोख आहे की नाही सांगा.

मग एक मोठी फर्म तिला घेते, अट काय? हिरवी म्हणून नाही, जेनिफर म्हणून कामावर यायचं. तुमच्या मॅलरीच्या अटीची ही आजी. फरक असा की स्लॉट त्या अटीवर अख्खी मालिका उभी करतो. हिरवीला सगळे ओळखतात, पार्ट्यांना बोलावतात, आणि साध्या जेनिफरला ऑफिसात स्वतःच्या डोक्याच्या जोरावर उभं राहावं लागतं आणि तिला ते नको असतं. या रोवेलबाईंनी अट उचलली, तिच्या मागचं दुखणं उचललं नाही.

त्या फर्मची लायब्ररी म्हणजे तर कळस. खोकीच्या खोकी भरून मार्व्हलची कॉमिक्स! कारण त्या दुनियेत ती खऱ्या घटनांची नोंद आहे, आणि कॉमिक्स कोडचा शिक्का असलेला अंक कोर्टात पुरावा म्हणून चालतो. (हा शिक्का खरा होता, १९५४ पासून, प्रकाशकांनी आपणच आपल्यावर बसवलेली सेन्सॉरशिप, मार्व्हलने २००१ मध्ये सोडली.) फर्मच्या नावातसुद्धा गुडमन, लीबर, कुर्ट्झबर्ग आहेत, म्हणजे मार्व्हलचा मालक, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची मूळ आडनावं. असल्या खोड्या पानोपानी आहेत.

काळाकोट_कराड:

काका एक नंबर! ज्युरीवाला मुद्दा सिनियरना ऐकवला, ते म्हणाले "बरोबर आहे, आक्षेप घ्यायलाच हवा होता." हसले नाहीत, गंभीरपणे म्हणाले 😂

आणि अटीबद्दल तुम्ही जे लिहिलंत ना, तेच मला सांगता येत नव्हतं. अट घातली की वाचणाऱ्याला तारीख दिल्यासारखं असतं. त्या तारखेला काहीतरी घडायला हवं. इथे नुसत्या तारखांवर तारखा.

मृण्मयी_ऑस्टिन:

मी विरुद्ध बाजूने वकालतनामा दाखल करतेय 🙂

मला रोवेलची मालिका आवडली. तुम्ही ती चष्मा बदलून वाचायला हवी असं माझं म्हणणं आहे. २०१८ पासूनच्या ॲव्हेंजर्समध्ये (मार्व्हलच्या सुपरहीरोंची टोळी) या बाईचं काय केलं होतं ते बघा, नुसता स्नायूंचा डोंगर, तोंडातून अर्धी वाक्यं, सगळी बुद्धी गायब. त्याआधी २०१६ च्या मालिकेत ती ब्रूसच्या मरणाने आणि स्वतःच्या जखमांनी इतकी खचलेली की घाबरली की करड्या रंगाची होते आणि मन शांत करायला नेटवर केक भाजायचे व्हिडिओ बघते. अशा सहा-सात वर्षांनंतर कुणीतरी तिला साधं घर दिलं (घर म्हणजे खरंच घर, जॅनेट म्हणजे वास्प तिला आपला फ्लॅट राहायला देते), मैत्रिणी दिल्या, नोकरी दिली, तर मला बरं वाटलं. टायटॅनियाबरोबर ठरवून भेटून एकमेकींना बदडणं हा तर मला दोन बायकांच्या मैत्रीवरचा फार सुंदर विनोद वाटला, आमच्या इथल्या झुंबा ग्रुपपेक्षा बरा.

आणि जॅकबद्दल. त्याच्या अंगातली शक्ती इतकी नाठाळ होती की पूर्वी ॲव्हेंजर्समध्ये असताना त्याला दिवसाचे कित्येक तास एका बंद खोलीत काढावे लागायचे. असा माणूस आता पहिल्यांदाच साधा माणूस होऊन टेबलाशी बसून जेवतो, कुणाला तरी हात लावू शकतो. तो काय खातो हे म्हणूनच दाखवलंय. तुम्हाला ती चौकट टाइमपास वाटली, मला गोष्ट तिथेच आहे असं वाटलं.

एक मात्र कबूल. ते शास्त्रज्ञ नवरा-बायको जे खलनायक म्हणून आणलेत ते अगदीच पाणचट आहेत. आणि चित्रकार बदलत राहिले, जेन बार्टेलची कव्हर्स बघून आत गेलं की कधीकधी हिरमोड होतो.

लाँगबॉक्स_डोंबिवली:

मृण्मयीताई, जॅकचं म्हणता ते पटतंय, पण मग त्याच जॅकमुळे २००३ च्या सुमारास ॲव्हेंजर्समध्ये जेनिफरचा तोल गेला होता आणि तिने अख्खं गाव उद्ध्वस्त केलं होतं. गॅमा किरणं शोषण्याची भानगड. एवढा मोठा पूर्वेतिहास दोघांच्यात असताना त्याचं ओझं या प्रेमकथेत केवढंसं येतं? ज्याच्यामुळे गाव उद्ध्वस्त झालं तो सोफ्यावर बसून जेवतोय, आणि बोलणं चाललंय ते जेवण कसं झालंय याचं.

मृण्मयी_ऑस्टिन:

काका, अहो प्रेमात पडलेली माणसं अशीच बोलतात. गावाचा विषय कोण काढतं.

अ‍ॅड_तात्या_नाशिक:

काळाकोट, तू चार्ल्स सोलची मालिका वाच. २०१४ ते २०१५, फक्त १२ अंक, दोन पुस्तकांत संपतं. मी सदतीस वर्षं फौजदारी केली, मुलगा पुण्याला असतो त्याच्या शेल्फवर होतं म्हणून वाचलं. पहिल्या चार पानांत कळलं की लिहिणारा आपल्यातला आहे, मागाहून बघितलं तर खरंच प्रॅक्टिस केलेला वकील.

सुरुवात कशी आहे बघ. वर्षाअखेरीची बैठक. हिचे तास भरलेत, काम चोख, हिला वाटतं बोनस मिळणार. भागीदार म्हणतात, बाई तुमचं काम उत्तमच आहे, पण तुम्हाला आम्ही घेतलं ते ॲव्हेंजर्स वगैरे तुमचे मित्र आशील म्हणून आणाल या आशेने, ते कुठायत? ही उठते, टेबलाचे तुकडे करते, राजीनामा. हे मी याचि देही बघितलंय, टेबल सोडून. हुशार पोर असते, आणि विचारतात काय तर तुझ्या सासऱ्यांची ओळख आहे ना त्या बिल्डरशी?

मग बाहेर एक विधवा बाई बसलेली. तिचा नवरा किरकोळ खलनायक होता, पण त्याने काढलेलं तंत्र टोनी स्टार्कच्या कंपनीने वापरलं असं तिचं म्हणणं. मोठ्या कंपनीविरुद्ध बिनपैशाचा आशील. स्टार्कच्या वकिलाचं नावच लीगल. कागदांच्या ढिगाखाली समोरच्याला गाडायचं, वेळ काढायचा, ही जी मोठ्या कंपन्यांची पद्धत असते ती त्या माणसाने विनोदात पण नेमकी दाखवलीय.

तिसऱ्या अंकात खलनायक डॉक्टर डूमचा मुलगा आश्रय मागायला येतो. अमेरिकेत आल्यापासून एक वर्षाच्या आत असायलम अर्ज करायचा असा त्यांचा कायदा आहे, खराच आहे, आणि त्याचा आज शेवटचा दिवस. म्हणजे अख्खा अंक कशावर आहे? मुदतीवर! यंत्रमानव, विमानं, धडाधड, पण भांडण आहे ते कोर्ट बंद व्हायच्या आत दारातून आत शिरायचं. लिमिटेशनची शेवटची तारीख आणि साडेचारला फाइलिंगची खिडकी बंद होतेय, हे ज्याने धावत जाऊन अनुभवलंय त्याला यापेक्षा थरारक काही नको. मी एकदा एस.टी. चुकल्यामुळे टेम्पोत मिरचीच्या पोत्यांवर बसून अपील दाखल करायला गेलोय, कोर्टात शिंकत शिंकत मेंशन केलं.

आणि शेवटाकडचा कॅप्टन अमेरिकेचा खटला. १९४० साली एक माणूस मेला तो कॅप्टनच्या वागण्यामुळे, असा नुकसानभरपाईचा दावा. तोवर कॅप्टनच्या अंगातलं औषध उतरून तो म्हातारा झालाय. बचावाला जेनिफर, वादीकडून मॅट मर्डॉक म्हणजे डेअरडेव्हिल. दोघं मित्र, दोघं एकमेकांना सोडत नाहीत. सगळा डोलारा एका मरणाऱ्या माणसाच्या जबानीवर. इथे मला आपल्याकडचा फरक आठवला, तुला माहीतच असेल पण बाकीच्यांसाठी लिहितो. त्यांच्याकडे मृत्युपूर्व जबानी ग्राह्य धरायची तर सांगणाऱ्याला आपण मरणार हे माहीत असावं लागतं, मरताना माणूस खोटं बोलत नाही हा त्यामागचा विचार. आपल्या पुराव्याच्या कायद्यात ती अट नाही, जुनं कलम ३२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात २६. सांगताना मरणाची भीती होती की नव्हती, फरक पडत नाही, मरणाचं कारण सांगितलं की झालं. आणि मरताना माणूस खोटं बोलत नाही हेही काही मला अनुभवाने पटलेलं नाही. शेताच्या बांधावरून भांडण असेल तर बोलतो.

काळाकोट_कराड:

तात्यासाहेब दंडवत 🙏 मिरचीची पोती!! हे ऑर्डर केलंच समजा.

केकवाला_भांडुप:

तात्यांचा मान राखून सांगतो की सोलची मालिकासुद्धा शेवटी फुस्स होते. पहिल्या अंकातच एक निळी फाइल येते. कुठल्यातरी दूरच्या राज्यात एका माणसाने दावा लावलाय, प्रतिवादींत जेनिफर आणि बरेच सुपरहीरो, आणि गंमत म्हणजे कुणालाच काही आठवत नाही, आणि त्याबद्दल विचारायला गेलं की भलतंच काहीतरी घडतं. कसलं भारी! बारा अंक ही फाइल लोंबकळत ठेवली. आणि बाराव्या अंकात एका कुणाला फारसा न आठवणाऱ्या नव्वदच्या दशकातल्या हीरोने सगळ्यांची स्मृती पुसली होती असं सांगून वीसेक पानांत सगळं गुंडाळून टाकलं. मला त्या दिवशी असं वाटलं की लग्नाला गेलो, पंगतीला बसलो, मीठ-लिंबू वाढलं आणि मग म्हणाले उठा. चित्रकार पुलिदोची चित्रं मात्र फर्मास, सपाट रंग, मोठ्या मोकळ्या चौकटी. मध्ये दोन अंक दुसऱ्याने काढलेत ते काहींना अजिबात आवडत नाहीत, मला आवडले.

आणि मृण्मयीने म्हटलेली २०१६ ची, मारिको तामाकीची, तिला मी कोर्टवाली म्हणणार. मुख्य केस काय तर एका घाबरट बाईला राहत्या घरातून बाहेर काढतायत. भाडेकरू निष्कासन! जग वाचवणं वगैरे नाही, खोली खाली करण्याची नोटीस. आणि वकील स्वतः आतून मोडलेली असताना समोरच्या मोडलेल्या बाईचं ऐकून घेतेय. हळू आहे, फार हळू, हल्क नाव लिहिलेल्या पुस्तकात हल्क यायला इतका वेळ लागतो की लोक शिव्या घालतात. पण निदान ती केस त्या बाईच्या दुखण्याशी बांधलेली आहे.

गणेश_ठाणे:

सिरीज बघा ना सरळ, २०२२ ची, नऊ एपिसोड. त्यात पॅरोलची सुनावणी आहे, आणि टायटॅनिया शी-हल्क नावाचा ट्रेडमार्क घेऊन त्या नावाने क्रीम-पावडर विकते तर हिला आपलंच नाव परत मिळवायला कोर्टात जावं लागतं आणि पुरावा म्हणून स्वतःचं डेटिंग प्रोफाइल वाचून दाखवावं लागतं. मला तर तेवढं कोर्ट बास झालं.

लाँगबॉक्स_डोंबिवली:

गणेश हा मुद्दा मात्र चांगला काढलास. नाव दुसरा कुणी पळवेल म्हणून जन्माला घातलेल्या बाईचं नाव चाळीस वर्षांनी टीव्हीवर खरंच पळवलं.

विदर्भाची_वाघीण:

मी उशिरा आली धाग्यावर. शी-हल्क सोडून बोलू काय? मार्व्हलच्या स्पर्धक डीसीवाल्यांची मॅनहंटर बघा, २००४ पासूनची, ३८ अंक. केट स्पेन्सर, सरकारी वकील, घटस्फोटित, सिगरेट ओढते, लेकराकडे लक्ष नाही. एका नरभक्षक आरोपीला वेडसर म्हणून शिक्षेतून सूट भेटते, हिचं डोकं फिरते, पुराव्याच्या खोलीतून जुन्या खलनायकांचं सामान उचलते आणि रात्री त्याले जाऊन मारते. आता बोला! सरकारी वकिलाने मुद्देमाल चोरला आणि आरोपी मारला. दिवसा शिक्षा मागायची, रात्री स्वतःच द्यायची. तिच्या पेशावर आणि तिच्या मुखवट्यावर सतत एकच ताण आहे. पुढे वंडर वुमनने एका माणसाची मान मोडली होती त्या प्रकरणात तिची वकील म्हणून उभी राहते. मालिका दोन-तीनदा बंद पडता पडता राहिली, वाचक पत्रं लिहून लिहून चालू ठेवत होते. मले विचाराल तर वकील आणि सुपरहीरो या दोन गोष्टी एकाच बाईत का ठेवल्या याचं उत्तर फक्त हिच्यात भेटते.

आणि मारामारी नकोच असेल तर बॅटन लॅशचं वुल्फ अँड बर्ड. १९७९ पासून काढत होता, २०१९ ला गेला बिचारा. दोन वकील, आशील म्हणजे भुतं, राक्षस, पिशाच्च. काळं-पांढरं. भुताची कायद्याने काय अडचण होते हे त्याच्याइतकं कुणी समजून घेतलं नाही.

अ‍ॅड_तात्या_नाशिक:

भुतावरून आठवलं, लाँगबॉक्सनी सांगितलेल्या स्लॉटच्या मालिकेत खून झालेला माणूस स्वतःच भूत होऊन साक्षीला येतो ना? त्याला काय म्हणायचं, मृत्युपश्चात जबानी? उलटतपासात पहिला प्रश्न, "तुम्ही घटनेच्या वेळी शुद्धीवर होतात का?"

एक शंका मात्र आहे. आपल्या बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगाराची दुसरी नोकरी करता येत नाही. जुन्या अंकांत ॲव्हेंजर्सना आठवड्याला हजार डॉलर मानधन मिळायचं. हिची सनद आपल्याकडे राहिली असती का?

मृण्मयी_ऑस्टिन:

तात्या 😂😂 पण पगार नाही हो तो, मानधन!

अ‍ॅड_तात्या_नाशिक:

सगळे तेच म्हणतात.

काळाकोट_कराड:

सगळ्यांचे आभार. धागा एवढा चालेल असं वाटलं नव्हतं.

अपडेट: रोवेलचे पुढचे दहा अंक घेत नाहीये. मृण्मयी, तुमचं वाचून मी जॅकच्या जेवणाचं पान परत बघितलं, आणि हो, त्याचा हात टेबलावर कसा ठेवलाय ते आधी दिसलं नव्हतं. पण एक पान चांगलं आहे म्हणून १५ अंकांना माफी नाही मिळायची, माझ्याकडून तरी. माझं भांडण प्रेमकथेशी नव्हतंच. तिला बेकरी काढून दिली असती आणि हेच सगळं दाखवलं असतं तर मी गप वाचलं असतं. वकील केलीय ना, मग त्या कामाने तिचं काहीतरी बिघडू दे, सुधरू दे.

विदर्भाची वाघीण, मॅनहंटर शोधतेय, जुनी पुस्तकं बहुतेक सेकंडहँडच मिळतील असं दिसतंय. कुणाकडे असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा.

आणि स्लॉट सुरू केलाय. काल चौथा अंक संपवला, स्पायडरमॅनचा. जेमसन वर्षानुवर्षं पेपरात त्याची बदनामी करतो म्हणून तो अब्रूनुकसानीचा दावा लावतो, जेनिफर त्याची वकील, दावा मस्त रंगात येतो, आणि मग समोरून फोटो काढणाऱ्या पीटर पार्करलाही (म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडरमॅनलाच) प्रतिवादी करून घेतात. म्हणजे वादीही हाच आणि प्रतिवादीही हाच, आणि सांगता येत नाही! शेवटी तडजोड, जेमसन आणि पार्कर दोघांनी कोंबडीचा वेश घालून गळ्यात पाट्या अडकवून रस्त्यावर उभं राहायचं. मी बाररूममध्ये इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. सिनियर साहेब नेमके चहा घेत होते, म्हणाले काय झालं, मी सगळी केस सांगितली, अगदी हकीगत, मुद्दे, तडजोडीच्या अटी. ते शांतपणे ऐकत होते, बिस्कीट बुडवलं, खाल्लं, आणि विचारलं,

"दाव्याचं मूल्यांकन किती केलं होतं? आणि तडजोड झाली तर कोर्ट फी परत मागितली का त्या पोरीने?"